रोज विंचरूनही घरभर केस? कुत्र्याच्या आतल्या लवेचा प्रॉब्लेम आणि त्यावर काय करायचं

रोज ब्रश करतोय, दर पंधरा दिवसांनी आंघोळ, खाणंही चांगल्यातलं, तरी सोफ्यावर केस, कणकेत केस, ऑफिसच्या काळ्या पँटवर केस, आणि दोन महिने जरा बरे गेले की परत तेच सुरू. पुण्यात लॅब, गोल्डन, जर्मन शेफर्ड, हस्की, स्पिट्झ, पॉम, बीगल, पग यातलं कुणीही घरात असेल तर ही तक्रार ओळखीची असणार. सकाळी टेकडीवर कुत्री फिरवणाऱ्यांमधे हा विषय निघाला की प्रत्येकाचा उपाय वेगळा, कुणी म्हणतं शाम्पू बदला, कुणी म्हणतं अंडं सुरू करा, कुणी म्हणतं सरळ मशीन फिरवून टाका. मला विचाराल तर बहुतेक घरांत प्रॉब्लेम शाम्पूचाही नसतो आणि अंड्याचाही नसतो. आपण विंचरतो ते वरचे केस, आणि गळतात ते आतले. आतली लव निघतच नाहीये, ती तिथेच साठून राहते आणि मग स्वतःच्या सवडीने थोडी थोडी वर्षभर घरात पडत राहते.

या कुत्र्यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचे लांब, जाड, जरा राठ, ते पाणी आणि ऊन अडवतात. त्यांच्याखाली कातडीला लागून बारीक, आखूड, नागमोडी आणि बऱ्याचदा फिकट रंगाच्या केसांचा दाट थर, तोच अंडरकोट, म्हणजेच आतली लव. कातडीच्या एकाच छिद्रातून एक जाड केस आणि त्याच्या बाजूने बारीक केसांचा झुबका असं हे उगवतं, त्यामुळे संख्येने आतले केसच जास्त भरतात. हे बारीक केस एकमेकांत अडकून मधे हवा धरून ठेवतात आणि ऊब मिळते ती त्या हवेमुळे. म्हणूनच गळलेली लव कुत्र्याच्या अंगावरून आपोआप खाली पडत नाही, ती शेजारच्या केसांत अडकून तिथेच राहते, त्यावर नवी लव उगवते, आणि दोन-तीन महिन्यांत कातडीवर एक घट्ट गादी तयार होते. वरून हात फिरवला तर कोट छान गुबगुबीत वाटतो, लोक कौतुक पण करतात, पण खाली हवा जायची बंद झालेली असते.

आणि पुण्यात हे वर्षभर का चालतं, तर केस कधी गाळायचे हे कुत्र्याचं शरीर मुख्यतः दिवसाच्या लांबीवरून ठरवतं, थंडी-उन्हाचा नंबर त्यानंतर लागतो. पुण्यात सगळ्यात मोठा दिवस साधारण सव्वातेरा तासांचा आणि सगळ्यात लहान अकराचा, म्हणजे फरक सव्वादोन तासांच्या आसपास, तेच लेहमधे हा फरक साडेचार तासांवर जातो. त्यात आपली कुत्री फ्लॅटमधे राहणार, रात्री बारापर्यंत ट्यूबलाइट, मे महिन्यात एसी. शरीराला आता ऋतू बदलला असा ठळक इशाराच मिळत नाही, त्यामुळे थंड प्रदेशात जे दोन-तीन आठवड्यांत भसाभस गळून मोकळं होतं ते इथे थोडं थोडं बारा महिने गळत राहतं असं माझं मत आहे. तरी फेब्रुवारी-मार्च आणि पावसाळा संपतानाचे दिवस हे जोराचे, ते कॅलेंडरवर लिहूनच ठेवा. मादी असेल आणि नसबंदीचं ऑपरेशन झालेलं नसेल तर माजावर येऊन गेल्यावर किंवा पिल्लं झाल्यावर काही आठवड्यांनी एकदम कोट सोडते, घाबरून जाऊ नका, ते हार्मोनमुळे होतं आणि भरून येतं.

आधी खात्री करून घ्या की प्रॉब्लेम हाच आहे

जमिनीवर पडलेले केस उचलून बघा. मऊ, फिकट, बोटात चोळल्यावर लगेच गोळा होणारे, पंख्याखाली कोपऱ्यात पळणारे पुंजके असतील तर ती लव आहे. सरळ, चमकदार, टोकदार, कापडात सुईसारखे रुतणारे असतील तर ते वरचे केस (लॅब आणि पगवाल्यांना हे रुतणारे चांगलेच माहीत असतील). दोन्ही थोडे थोडे येणारच, पण ढीग कशाचा आहे ते बघायचं.

मग कुत्र्याला आडवं झोपवून मांडीच्या मागच्या बाजूला दोन्ही हातांनी केस फाकवा. कातडीची स्वच्छ रेघ दिसली पाहिजे. कातडी दिसण्याऐवजी राखाडी किंवा पांढरट दाट थरच दिसत असेल, बोट आत जात नसेल, तर झालं, हीच ती गादी. तिसरी तपासणी सगळ्यात खरी: ज्याला लांब बारीक दात आहेत असा साधा स्टीलचा कंगवा घ्यायचा आणि केसांच्या मुळापासून टोकापर्यंत ओढायचा. न अडकता गेला तर कोट मोकळा आहे. रोज ब्रश करणाऱ्या माणसाच्या हातातला कंगवा पण इथे मधेच अडकतो, आमच्या सोसायटीतल्या काकूंच्या स्पिट्झचं हेच झालं होतं, काकू सकाळ-संध्याकाळ प्रेमाने ब्रश फिरवायच्या, वरून तो अगदी रेशीम दिसायचा, आणि कंगवा लावला तर कानामागे, छातीखाली, मागच्या पायांच्या झालरीत कुठेच आत जाईना. मेहनत कमी नव्हती, ती मेहनत दुसऱ्या थरापर्यंत पोचत नव्हती एवढंच.

कशाने विंचरायचं

मऊ दातांचा माणसांचा ब्रश बाजूला ठेवा, तो वरच्या केसांवर चमक आणायला ठीक आहे. लव काढायला अंडरकोट रेक लागतो, म्हणजे लांब, बोथट टोकाच्या दातांची एक किंवा दोन रांगांची फणी, दात एवढे लांब हवेत की कोटातून खाली कातडीपर्यंत पोचतील. सोबत स्लिकर ब्रश, तो वाकड्या बारीक तारांचा चौकोनी असतो, त्याने पुंजके उचलले जातात. आणि शेवटी तपासायला तो स्टीलचा कंगवा. या तीनमधे काम होतं. लॅब आणि बीगलसारख्या आखूड केसांच्या कुत्र्यांना रबरी ब्रश किंवा रबरी ग्लोव्ह जास्त चांगला, त्यांना पण अंडरकोट असतोच, लोकांना वाटतं आखूड केस म्हणजे अंडरकोट नाही, आणि मग लॅब एवढा का गळतो म्हणून आश्चर्य करत बसतात.

बारीक दातांची डिशेडिंग ब्लेड मिळते, फर्मिनेटर वगैरे, ती पहिल्या हाताला ढिगाने केस काढते म्हणून सगळ्यांना आवडते. जपून वापरा. जोर देऊन एकाच जागी पुन्हापुन्हा ओढली तर वरचे चांगले केस पण तुटतात आणि कातडीला ओरखडे येतात. गळतीच्या सीझनमधे आठवड्यातून एकदा, हलक्या हाताने, एवढंच. लांब केसांच्या पॉम-स्पिट्झला तर मी ती लावतच नाही.

आता पद्धत, आणि खरी मेख इथे आहे. वरून खाली भराभर ब्रश फिरवणं बंद करायचं. कुत्र्याला कुशीवर झोपवा. मागच्या पायाच्या खालच्या बाजूपासून सुरुवात करा. डाव्या हाताच्या पंजाने केस वरच्या दिशेने दाबून धरा, म्हणजे खाली कातडीची एक आडवी रेघ उघडी पडेल. त्या रेघेवरून फक्त बोटभर रुंदीचे केस खाली सोडा आणि तेवढेच मुळापासून बाहेरच्या दिशेने विंचरा. पुंजका निघायचा थांबला की अजून बोटभर केस सोडा, परत तसंच. असं रेघ-रेघ करत मांडीवरून पाठीकडे, मग कुस, मग खांदा, मग मान. मानेच्या आयाळीत आणि मांडीच्या झालरीत सगळ्यात जास्त निघतं, तिथे घाई करू नका. मनगट सैल ठेवायचं, दात कातडीवर रगडायचे नाहीत, स्वतःच्या दंडावर एकदा ओढून बघा म्हणजे किती जोर चालतो ते कळेल. गोल्डन किंवा शेफर्ड असेल तर एका बैठकीत पूर्ण होत नाही, व्हायची गरज पण नाही, आज मागचा भाग, उद्या कुस, परवा मान असं केलंत तर कुत्रंही कंटाळत नाही आणि तुमची पाठही धरत नाही. मधेमधे खाऊ द्या. पिल्लू असेल तर दोन मिनिटांपासून सवय लावा, पिल्लाचे केस निघत नसले तरी लावा, पुढची पंधरा वर्षं सोपी होतील.

जट झालेली असेल तर कात्री उचलू नका. जट कातडीला ओढून वर उचलते आणि नेमकी तिथेच कातडी कापली जाते, कानामागची आणि काखेतली कातडी तर अगदी पातळ असते. कोरड्या जटेत थोडं कॉर्नफ्लॉर चोळा, बोटांनी बाजूबाजूने फाकवत लहान लहान करा, मग मूळ एका हाताने घट्ट धरून, म्हणजे कातडीला ओढ बसणार नाही असं, टोकाकडून कंगव्याने सोडवत मुळाकडे या. जट एवढी घट्ट असेल की बोटाचं नखही शिरत नाही, तर चांगल्या ग्रूमरकडून तेवढाच भाग मशीनने काढून घ्या, कुत्र्याला तासभर ओढाताण करून रडवण्यापेक्षा ते बरं. पट्ट्याखाली आणि हार्नेसखाली जटा परत परत होतात, घरात असताना हार्नेस काढून ठेवा.

आंघोळ घातली की जास्तच गळतं, असं का

कारण क्रम उलटा होतोय. गळलेली लव आत अडकलेली असताना पाणी घातलं की ती भिजून आवळते, शाम्पू आत जात नाही, गेला तर नीट धुतला जात नाही, आणि वाळताना गाठी आणखी घट्ट होतात. मग आठ दिवसांनी खाज, कोंडा, वास. म्हणून आधी कोरडं विंचरायचं, कंगवा मोकळा फिरला की मग आंघोळ, मग मुळापर्यंत वाळवणं, आणि पूर्ण वाळल्यावर परत एकदा विंचरणं, कारण कोमट पाण्याने सैल झालेली उरलीसुरली लव त्या शेवटच्या हाताला निघते. हा शेवटचा हात बहुतेक लोक सोडतात आणि तीच लव मग दोन दिवस घरभर दिसते. आपला शाम्पू कुत्र्याला नको, कातडीचा पीएच वेगळा असतो. महिन्यातून एकदा आंघोळ पुष्कळ झाली, कोट मोकळा असेल तर वास येतच नाही.

वाळवणं म्हणजे टॉवेलने पुसून बाल्कनीत सोडणं नाही. दाट कोटाच्या कुत्र्याची वरची बाजू तासाभरात कोरडी वाटते आणि मुळाशी संध्याकाळपर्यंत ओल असते. जोरात हवा मारणारा ब्लोअर मिळाला तर उत्तम, तो पाणीही उडवतो आणि सैल लव पण, पण ते गच्चीवर किंवा बाथरूमचं दार बंद करून करा, नाहीतर शेजाऱ्यांशी वाद ठरलेला. ब्लोअर नसेल तर केसांचा ड्रायर चालेल, फक्त थंड किंवा अगदी कोमट हवेवर, आणि दुसऱ्या हाताने केस फाकवत.

पावसाळ्यात हा भाग फारच महत्त्वाचा होतो. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवाच ओली, त्यात रोज दोन वेळा बाहेर जाणं टळत नाही, पोट आणि पाय भिजतातच. मुळाशी ओल राहिली की कातडीवर लालसर, चिकट, पाणी सुटणारा चट्टा उठतो, हॉट स्पॉट म्हणतात त्याला, कुत्रं चाटून-चाटून एका रात्रीत तो हाताच्या पंजाएवढा करतं. शेफर्ड आणि गोल्डनमधे कानाखाली आणि कमरेवर फार. दिसला की डॉक्टरकडे जा, हळद-तेल लावून वर पट्टी बांधू नका, त्याला हवा लागते. आणि ओल्या दिवसांत गोचिडांचा जोर असतो, त्या या गादीतच लपतात, कानामागे, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली. टिक फीवर पुण्यात नेहमी आढळतो आणि तो जीवघेणा होऊ शकतो, त्यामुळे विंचरताना बोटं कातडीवर फिरवत राहायचं, हातभर केस निघाले याहून एक गोचीड वेळेत सापडली हे मोठं.

पाऊस संपला की टेकड्यांवर कुसळ. वेताळ टेकडी, तळजाई, पाषाण, कुठेही जा, ऑक्टोबर-नोव्हेंबरमधे वाळलेल्या गवताची कुसळं आणि आघाड्याचं बी केसांत भरून येतं. कुसळाला पुढे टोक आणि मागे उलटे केस असतात, म्हणजे ते पुढेच सरकतं, मागे येत नाही, आतल्या लवेत शिरलं की तिथून कातडीत, बोटांच्या बेचक्यातून आत, कानात. घरी आल्यावर त्याच दिवशी स्टीलच्या कंगव्याने पाय, काख, पोट आणि कान बघा. कुत्रं एकसारखं एकच पाय चाटतंय किंवा डोकं एका बाजूला झटकतंय तर थांबू नका, डॉक्टरला दाखवा. आधीच लव काढलेली असेल तर कुसळं अडकतात पण रुतत नाहीत, निम्मं काम तिथेच वाचतं.

मशीन मारू का?

नका मारू. हे मी अगदी मनापासून सांगतोय, कारण दर एप्रिलमधे कुणाचा तरी हस्की किंवा पॉम उघडाबोडका करून आणलेला दिसतो आणि जीव तुटतो. हेतू चांगलाच असतो, उकडतंय बिचाऱ्याला म्हणून. पण कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, पंजांना थोडा येतो, उकाड्यात उष्णता मुख्यतः धापा टाकूनच बाहेर जाते. वरचे केस कडक ऊन कातडीपर्यंत येऊ देत नाहीत, ते काढले की फिकट कातडीच्या कुत्र्यांना ऊन भाजतं. आणि परत उगवताना आतली लव आधी आणि जोरात येते, वरचे केस मागे राहतात, त्यामुळे कोट आणखी दाट, चिकट आणि गुंतणारा होतो. हस्की, पॉम, स्पिट्झ या मंडळींमधे तर काही वेळा कापलेल्या जागी महिनोन्महिने केस येतच नाहीत, काळ्या कातडीचे ठिगळ राहतात. उन्हाळ्यासाठी करायचं ते उलट आहे: आतली लव पूर्ण काढा आणि वरचे केस राहू द्या, म्हणजे हवा कातडीपर्यंत जाईल आणि ऊन वरच अडेल. एका मित्राच्या गोल्डनला मार्चमधे तीन-चार बैठकांत नीट मोकळा केला, त्या मे महिन्यात तो दुपारी फरशीवर शांत झोपायला लागला, त्याआधी दिवसभर मोरीत जाऊन बसायचा. पोटावरचे केस थोडे आखूड करून घ्यायला हरकत नाही, थंड फरशीचा फायदा मिळतो. ऑपरेशन किंवा कातडीच्या आजारासाठी डॉक्टरांनीच काढायला सांगितलं तर प्रश्नच नाही.

एवढं सगळं करूनही सहा-आठ आठवड्यांत फरक नसेल, किंवा खालच्यातलं काही दिसलं, तर तो विंचरण्याचा प्रश्न नाही. दोन्ही कुशींवर सारखे विरळ चट्टे, शेपटीचे केस जाऊन ती उंदरासारखी दिसणं, खाणं तेवढंच पण वजन वाढतंय आणि कुत्रं सुस्त, हे थायरॉइडचं असू शकतं. पाणी फार पितंय, पोट सुटलंय, कातडी पातळ झालीये, तर कुशिंग, म्हणजे शरीरात कॉर्टिसॉल हे हार्मोन जास्त होण्याचा आजार. गोल चट्टे आणि कडेला खपल्या, तर बुरशी, ती घरातल्या मुलांनाही लागते. रक्त तपासा, कातडी खरवडून तपासा, आणि तोपर्यंत मेडिकलमधून स्टेरॉइडचं मलम आणून लावू नका. खाण्याबद्दल थोडक्यात, प्रोटीन पुरेसं हवं आणि माशाच्या तेलातलं ओमेगा-३ डॉक्टरांना विचारून सुरू केलं तर कातडीला फायदा होतो, पण मेलेला केस कुठल्याही गोळीने परत चिकटत नाही, तो काढावाच लागतो.

घराचं पण पटकन सांगतो. झाडूने लव उडते, ओल्या मॉपने किंवा व्हॅक्यूमने काढा. सोफ्यावर ओलसर रबरी हातमोजा एका दिशेने ओढा. कपडे मशीनमधे टाकायच्या आधी कोरडेच झटका, भिजल्यावर लव कापडात बसते आणि मशीनच्या जाळीत थर होतो. बाथरूमच्या जाळीवर जुन्या मोज्याचा तुकडा लावा, कमोडमधे केस टाकू नका, सोसायटीची लाइन तुंबली की सगळ्यांचा विषय होतो.

निघालेल्या लवेचं काय करायचं

आता माझ्या आवडीचा भाग. एका गोल्डनची मार्चमधली लव पिशवीभर निघते आणि आपण ती कचऱ्यात टाकतो, पण जात बघितली तर पश्मिना पण हीच चीज आहे, प्राण्याची आतली लव. लडाखच्या चांगथांगमधे ४००० मीटरच्या वर चांगपा लोक ज्या बकऱ्या पाळतात त्यांना हिवाळ्यात हा थर येतो आणि वसंतात सुटायला लागला की तो विंचरून काढतात, आपण कुत्र्याला करतो तसंच, फणीने. तंतू १२ ते १६ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), माणसाचा केस साधारण ७० धरा. विंचरलेल्या मालात वरचे राठ केसही येतात, ते वेगळे करावे लागतात, आणि मग एका बकरीमागे वर्षाला हाताच्या ओंजळीत मावेल एवढाच चांगला माल उरतो. काश्मीरमधे बायका तो चरख्यावर हाताने काततात. काश्मीर पश्मिनाला २००८ मधे जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं आणि लडाखच्या पश्मिनाला २०२३ मधे. आर्क्टिकमधल्या मस्क ऑक्स या केसाळ, बैलासारख्या प्राण्याची लव पण अशीच वसंतात गळते आणि गोळा करतात, तिला किविऊत म्हणतात, ती मेंढीच्या लोकरीपेक्षा कितीतरी उबदार. या सगळ्यात प्राणी जिवंत राहतो. शाहतूश ही लव मात्र चिरू या हरणासारख्या तिबेटी प्राण्याला मारून काढतात, त्यावर बंदी आहे आणि ती असायलाच हवी, कुणी जुनी शाल विकायला आणली तर हात लावू नका. बीव्हरच्या आतल्या लवेचा नमदा (न विणता, केस दाबून केलेलं जाड कापड) चिवट होतो म्हणून युरोपातल्या टोप्यांसाठी ते प्राणी असेच संपत आले होते.

आपल्याकडचं घोंगडं याच्या दुसऱ्या टोकाला. दख्खनी मेंढीची लोकर राठ आणि जाडभरडी, त्यात लव वेगळी काढायचा प्रश्नच नाही, घोंगडी विणणारे सनगर ती विणून चिंचोक्याची खळ देतात आणि ते पावसात चालतं, जमिनीवर चालतं, वर्षानुवर्षं टिकतं. मऊपणा आणि टिकाऊपणा एकत्र क्वचितच मिळतात, लव म्हणजे ऊब आणि मऊपणा, राठ केस म्हणजे ताकद.

कुत्र्याच्या लवेपासून कापड ही कल्पना नवीन नाही. अमेरिका-कॅनडाच्या वायव्य किनाऱ्यावरचे सेलिश लोक लोकरीसाठी खास कुत्री पाळायचे आणि त्यांच्या केसांच्या घोंगड्या विणायचे. त्यातल्या एका कुत्र्याचं, त्याचं नाव मटन, १८५९ मधलं कातडं अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे, आणि २०२३ मधे त्याच्या डीएनएवरून कळलं की ही जात बाकी कुत्र्यांपासून हजारो वर्षं वेगळी जोपासली होती. ती जात आता उरलेली नाही.

घरी करून बघायचं असेल तर हस्की, स्पिट्झ, गोल्डन, चाऊ यांची लव चालते, निदान दीड-दोन इंच लांब हवी. लॅब आणि पगची फार आखूड, सूत धरत नाही, पण मेंढीच्या लोकरीत मिसळून नमद्याच्या छोट्या वस्तू होतात. फक्त विंचरून निघालेली घ्या, कापलेली नको, कापलेल्याची टोकं टोचतात. वरचे राठ केस हाताने वेचून काढा, हे कंटाळवाणं काम आहे पण सुताचा मऊपणा यावरच आहे. कुत्र्याच्या लवेला मेंढीच्या लोकरीसारखा ताण नसतो, ताणलं की परत जागेवर येत नाही, म्हणून स्वेटर लोंबतो, मफलर किंवा टोपी उत्तम. साधारण निम्मी मेंढीची लोकर मिसळली तर सूत धरून राहतं. धुताना कोमट पाणी, सौम्य साबण, चोळायचं नाही आणि एकदम गरम-गार करायचं नाही, नाहीतर सगळ्याचा नमदा होतो. नीट धुतलं की ओल्या कुत्र्याचा वास जातो. घरात कुणाला कुत्र्याची अॅलर्जी असेल तर मात्र हे विणून त्यांच्या गळ्यात घालू नका. आणि ही लव खूप गरम असते, पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटेच ती सहन होते, हिमालयात ट्रेकला जाणाऱ्या कुणाला तरी विणून द्या. साठवताना पूर्ण कोरडी करून बंद डब्यात, कपड्यांना लागणारी कसर याच्यावर तुटून पडते.

कातायचं नसेल तर गच्चीतल्या कंपोस्टमधे घाला, केसात नायट्रोजन चांगला असतो, फक्त कुजायला बरेच महिने लागतात, त्यामुळे पातळ पसरून पाल्यात मिसळा, गोळा करून टाकलात तर तसाच गोळा सापडेल. पक्ष्यांसाठी बाल्कनीत लव टांगून ठेवायची पद्धत बरेच जण करतात, बुलबुल आणि शिंजीर ती नेतात पण. इथे एक अट पाळा: मानेवर टाकायचं गोचिडाचं औषध किंवा स्प्रे वापरत असाल तर ती लव ना पक्ष्यांना, ना कंपोस्टला, ना सुताला. ब्रिटनमधे केसांचं अस्तर असलेल्या घरट्यांमधे फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिड ही कीटकनाशकं सापडली आहेत, आणि फिप्रोनिल आपल्याकडच्याही बऱ्याच ड्रॉप्समधे असतं. बाटलीवरचं नाव वाचा. असं औषध सुरू असेल तर लव कागदात गुंडाळून सुक्या कचऱ्यात द्या, आणि तोंडावाटे द्यायच्या गोळीवर जायचं का ते डॉक्टरांना एकदा विचारून बघा.